“भिकाऱ्यांत जाणार की वेड्यांत?” असं बाबा विचारतात

पत्र जरा छोटं करून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

“ताई, मी नागपूरची, वय 25. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालंय, नेट परीक्षेची तयारी चालू आहे. सध्या दोन ठिकाणहून बोलावणं आलंय. एक पुण्यातल्या संस्थेकडून, शहरातल्या बेघर लोकांचा सर्व्हे, वर्षभराचं काम. दुसरं एका मनोरुग्णालयातला रिसर्च प्रोजेक्ट, फॉरेन्सिक वॉर्डातल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या पेशंटवर, 11 महिन्यांचा करार. पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणजे कमीच. बाबा म्हणतात, भिकाऱ्यांत जाणार की वेड्यांत ते तुझं तू ठरव, मग स्थळं आली नाहीत तर मला सांगू नको. फिल्डवर्कला असताना एका वॉर्डात एक पेशंट एकदम उठून माझ्या अगदी जवळ आला आणि मी घाबरून बाहेर पळाले, त्याची अजून लाज वाटते. आणि पुलाखाली राहणाऱ्या एका आजींची मी दीड तास मुलाखत घेतली, त्यावर माझं डिझर्टेशन झालं, मार्क पण चांगले पडले, आजी अजून तिथंच आहेत. ही चोरीच नाही का? आणि खरंच यात करिअर असतं का? – गोंधळलेली, नागपूर”

अगं गोंधळलेली,

बाबांचा प्रश्न तुला टोचला असणार, पण मला तो भारी वाटला, कारण त्यांनी नकळत तेच विचारलंय जे मला स्वतःला कळायला नऊ-दहा वर्षं लागली. मी या कामात 27 वर्षं काढली, पहिली अर्धी फूटपाथवर आणि नंतरची मेंटल हॉस्पिटलच्या कंपाउंडात, आणि बरीच वर्षं मला वाटायचं की मी विषय बदलला. बदलला नव्हता. तीच माणसं मला परत भेटत होती, फक्त आता त्यांच्या अंगावर हॉस्पिटलचे कपडे होते.

आपल्या डोक्यात डबे असतात ना, भिकारी, वेडे, गुन्हेगार, तसेच ते सरकारातही आहेत. बेघर महापालिकेकडे, मनोरुग्ण आरोग्य खात्याकडे, कैदी गृहखात्याकडे आणि भिक्षेकरी महिला व बालविकासकडे. माणूस एकच असतो, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि प्रत्येक टेबलावर त्याची नवी फाईल उघडते. समज, कोणी एक जण आजाराच्या भरात गाव सोडून निघाला, मिळेल त्या गाडीत बसला, कुठल्यातरी स्टेशनवर उतरवला गेला, तिथंच राहिला. वर्ष-दोन वर्षं कोणी विचारलं नाही. मग एक दिवस कोणाच्या तरी गाडीवर दगड मारला, नाहीतर झोपायच्या जागेवरून मारामारी झाली आणि समोरच्याला जास्त लागलं. आता तो आरोपी. कोर्टात उभा केला तर न्यायाधीश काय विचारतायत ते त्याला कळत नाही, म्हणून खटला थांबतो आणि त्याला मनोरुग्णालयात पाठवतात. झाला तो फॉरेन्सिक पेशंट.

आता खरी गंमत बघ, गंमत कसली डोंबलाची, पण बघ. अशा आरोपीला जामिनावर सोडायची सोय कायद्यात आहे, आधी सीआरपीसीमध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत) होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, 367 ते 378 ही कलमं एकदा शांतपणे वाचून काढ. पण त्यासाठी कोणीतरी नातेवाईक नाहीतर मित्र पुढे यावा लागतो, मी याला ओपीडीला नेईन, सांभाळेन, असं लिहून देणारा. आजारामुळे निर्दोष सुटला तरी तेच, ताब्यात घ्यायला कोणीतरी हवा. घरदार असलेल्याचा भाऊ येतो, बायको येते, निदान सरपंचाचं पत्र तरी येतं. बेघराचं कोण येणार? म्हणून एकच आजार, एकच कलम असलेल्या दोन माणसांत ज्याला पत्ता आहे तो बाहेर जातो आणि ज्याला नाही तो राहतो. त्याला आत ठेवणारी गोष्ट कित्येकदा आजार नसते आणि गुन्हाही नसतो, केस पेपरवरचा पत्त्याचा रिकामा रकाना असतो. मी तर म्हणते तुझा सगळा विषय त्या रकान्यात आहे, पुण्याला जा नाहीतर हॉस्पिटलात जा.

मचांग लालुंग हे नाव ऐकलंयस का? आसामचा माणूस. 1951 मध्ये पकडला, गंभीर दुखापत केल्याचा आरोप. तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवला. 1967 मध्ये डॉक्टरांनी हा बरा आहे असं लिहून दिलं, तर घरी न पाठवता तुरुंगात हलवला. सुटला कधी? 2005 मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. 54 वर्षं, आणि खटला कधी चाललाच नाही. दोनच वर्षांनी, 2007 ला वारला. मी ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगते तेव्हा पोरं विचारतात की एवढा दोष कुणाचा, आणि मी त्यांना सांगते की एकाचा शोधायला जाल तर सापडणार नाही, प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपापलं काम केलेलंच असतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना जे सांडतं ते टिपणारा माणूस कोणाच्याच पगारपत्रकावर नसतो. सोशल रिसर्चरचं काम ते आहे, निदान मी तरी तेच समजून केलं.

तेव्हा माझं उत्तर आधीच सांगून टाकते, नाहीतर तू खाली स्क्रोल करत बसशील. आधी पुण्याला जा. हॉस्पिटल नंतर.

का, तर वॉर्डात तुला माणूस भेटतो तेव्हा त्याची फाईल लिहून झालेली असते. तू त्याला फाईलमधूनच बघतेस, कितीही ठरवलंस तरी. फूटपाथवर तो फाईलच्या आधीचा असतो. तो कुठं पाणी भरतो, सामान कुणाकडे ठेवतो, कुठल्या हॉटेलवाल्याशी त्याचं जमतं, पोलीस आला की कुठल्या बोळात सरकतो, हे एकदा पाहिलंस की नंतर वॉर्डात “बेघर, भटकणारा, माहिती देत नाही” असं वाक्य वाचल्यावर तुला हसूही येईल आणि रागही येईल. उलट क्रमाने गेलीस तर रस्त्यावरच्या प्रत्येक माणसात तुला लक्षणंच दिसायला लागतील. माझ्या बरोबरीच्या एकीचं तसं झालं, हुशार बाई, पण पुलाखाली एखादा स्वतःशी बोलताना दिसला की हिचं डोक्यात निदान तयार, आणि तो बिचारा कानात हेडफोन घालून गावाला बोलत असायचा.

आणि मोजणी काय असते ते एकदा अनुभव. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली, देशात 17.7 लाख आणि महाराष्ट्रात 2.1 लाखाच्या आसपास असा आकडा आला, आणि तोच आकडा आपण सगळे इतकी वर्षं उगाळतोय. आता एका रात्रीत काय होतं ते तुला तिथं उभं राहिल्यावर कळेल. आम्ही एकदा एका शहरात रात्री दोनला निघालो, हातात टॉर्च आणि क्लिपबोर्ड, पुलाखाली ओळीने माणसं झोपलेली, चपला डोक्याखाली घेतलेल्या कारण बाजूला ठेवल्या तर सकाळी नसतात. मी मोजत चालले, बाया फारच कमी. रिपोर्टात लिहिणार होते की इथं महिलांचं प्रमाण कमी. चहाच्या टपरीवर एक बाई बसलेली होती, कडेवर पोर, पदराचं टोक दुसऱ्या पोराच्या पायाला बांधलेलं, म्हणजे तो उठून रस्त्यावर गेला तर हिला ओढ बसेल. मी विचारलं झोपला नाहीत का, तर म्हणाली, “रात्रीचं कोण झोपतंय बाई, आमी दिवसा झोपतो, देवळापाशी, लोकं असत्यात तवा.” झालं. माझा अख्खा सॅम्पल तिथं आडवा झाला. रात्री मोजलेल्यांत ती झोपलेली नव्हती म्हणून आमच्या फॉर्मप्रमाणे बेघरच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो तेव्हा देवळाच्या मागे बाया दिसल्या, किती ते इथं लिहीत नाही कारण एका शहरातला आकडा लोक लगेच सगळीकडे लावतात. पण पुण्यात सर्व्हेचा फॉर्म तुझ्या हातात येईल तेव्हा पहिला प्रश्न हा विचार की मोजणी किती वाजता करायची ठरलीय.

निवारा केंद्रांचंही तसंच. शहराच्या प्रत्येक एक लाख लोकसंख्येमागे 100 माणसांचा निवारा असा नियम आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशातून आलेला. किती बांधले हे सगळे मोजतात. आधार कार्ड नाही म्हणून, दारू प्यायलाय म्हणून, बायको बरोबर आहे आणि निवारा फक्त पुरुषांचा म्हणून, किंवा “डोक्याने ठीक दिसत नाही” म्हणून गेटवरून परत किती गेले ते तू मोज. शेवटच्या कारणाने परत गेलेली माणसं तुला दोन वर्षांनी वॉर्डात भेटतील.

आता लाजेचं. तो पेशंट उठून जवळ आला आणि तू पळालीस. बरं केलंस. खरंच सांगते. न घाबरता वॉर्डात फिरणारे नवे रिसर्चर मला जास्त धोकादायक वाटतात, स्वतःला आणि पेशंटलाही. कारण उद्या काही झालं तर शिक्षा त्याला होते, तुला सहानुभूती मिळते. दाराकडे पाठ करून बसायचं नाही, आपली खुर्ची दाराजवळ, ओढणी मोकळी सोडायची नाही, गळ्यातलं आयकार्ड झटक्यात सुटणाऱ्या क्लिपचं, आणि आत शिरताना तिथल्या सगळ्यात जुन्या अटेंडंटला विचारायचं की आज कोणाचं बिनसलंय. डॉक्टरला नव्हे, अटेंडंटला. तो 20 वर्षं तिथं असतो, कोणाचं कशावरून बिनसतं हे त्याला फाईलपेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि एक, तो जवळ का आला हे तू पत्रात लिहिलंच नाहीयेस, म्हणजे तुला कळलंच नसणार. माझ्या अंगावर असाच एक जण धावून आला होता, मी भिंतीला टेकले, आणि तो म्हणाला, “मॅडम, आज तारीख काय?” त्याची कोर्टाची तारीख होती आणि एस्कॉर्ट आला नव्हता. पोलीस एस्कॉर्ट नाही म्हणून तारीख चुकणं हे त्या वॉर्डात इतकं नेहमीचं की रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळा शिक्का असता तरी नवल वाटलं नसतं. सगळेच असे नसतात हेही खरं, काहींनी फार भयंकर गोष्टी केलेल्या असतात आणि ते तुला माहीत असताना समोर बसून चहा प्यावा लागतो, त्याची सवय पूर्ण कधीच होत नाही.

फॉरेन्सिक वॉर्डात पुढे कधी गेलीस तर एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव, गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही. उत्सुकता कितीही असो. वकिलाला अशिलाच्या बोलण्याची गोपनीयता पाळायला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्याला नाही, कोर्टाने बोलावलं तर जावं लागतं आणि वही दाखवावी लागते. म्हणून बसल्याबसल्या सांगायचं की मी डॉक्टर नाही, कोर्टाची नाही, मी लिहून घेतलेल्याने तुमची केस पुढे जाणार नाही आणि मागेही जाणार नाही, त्या दिवशी काय झालं ते मला सांगू नका. बरेच जण तरीही सांगतात. तेव्हा पेन खाली ठेवायचं. आणि कन्सेंट घेताना शिपाई दारात उभा असेल तर तो कन्सेंट नव्हे, “साहेबांनी सांगितलं म्हणून हो” असतं ते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची एथिक्सची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात कैदी, मनोरुग्ण, असे सगळे जास्त काळजी घ्यायच्या गटात येतात, आणि तुझा पेशंट दोन्हीत बसतो. रस्त्यावरही हेच, अंगठा मागितलास की माणसं घाबरतात, अंगठा देऊन जमिनी गेलेली माणसं आहेत ती, त्यांच्याकडून तोंडी संमती घे आणि ती साक्षीदारासमोर नोंदव.

आता चोरी. तू हे विचारलंस म्हणून मी एवढं मोठं उत्तर लिहितेय, नाहीतर दोन ओळींत आटोपलं असतं.

हो, थोडी चोरी आहे. तिला दुसरं गोड नाव देऊन झाकू नकोस. पण तुझी चूक तुला वाटते तिथं नाहीये. आजी अजून पुलाखाली आहेत ही तुझ्या डिझर्टेशनची चूक नाही, दीड तासाच्या मुलाखतीने कोणाला घर मिळत नसतं. तू त्यांना परत जाऊन सांगितलंस का की तुमच्यावर मी काय लिहिलं? नसशील सांगितलं तर जा, तू अजून नागपुरातच आहेस. सोबत खाऊ ने, पण खाऊसाठी जाऊ नको, वाचून दाखवायला जा. त्या चुका काढतील बघ, “असं नव्हतं म्हटलं मी” म्हणतील, आणि तुझ्या गाइडने काढल्या नसतील अशा चुका असतील त्या.

माझी चोरी यापेक्षा मोठी आहे. एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, एक म्हातारे काका होते, फॉरेन्सिकमधले, केस केव्हाच निकालात निघालेली, न्यायला कोणी नाही. त्यांना गावाचं नाव सांगता यायचं नाही, पण सोमवारचा बाजार, नदीपलीकडचं देऊळ आणि चैत्रातली जत्रा हे पक्कं. मी म्हटलं, काका, मी शोधते तुमचं गाव. प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला, मी दुसऱ्या शहरात गेले, तिथं नवं काम, नवी घाई. दीड वर्षाने काही कामानिमित्त परत गेले तर अटेंडंट म्हणाला की काका रोज विचारायचे, मॅडम गावाहून आल्या का. “प्रोजेक्टहून” नाही म्हणायचे ते, “गावाहून”. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या गावी गेलेय. मधल्या पावसाळ्यात गेले ते. त्या दिवसापासून मी कोणाला “बघते”, “शोधते” म्हटलेलं नाही. करायचं असेल तर करायचं, बोलायचं नाही.

आणि करता येण्यासारखं बरंच असतं, तेच सांगते. कोठडीत असलेल्या माणसाला, अगदी मनोरुग्णालयातल्याही, फुकट वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात लिहिलाय, कलम 12. ही ओळ अर्ध्या वॉर्डाला माहीत नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणाला भेटायचं, अर्ज कसा असतो, हे तुला माहीत असलं पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, तो नीट वाच, 29 मे 2018 पासून लागू आहे. कलम 19 सांगतं की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. कलम 100 सांगतं की रस्त्यावर भटकणारा आजारी माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला लॉकअपमध्ये टाकायचं नाही, 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. कागदावर काय सुंदर आहे बघ. आणि प्रत्यक्षात? जुलै 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की बऱ्या झालेल्या लोकांना मनोरुग्णालयातून उचलून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं थांबवा. म्हणजे डबा रिकामा करायचा तर दुसऱ्या डब्यात ओता. आणि भिक्षेकरी गृह म्हणजे काय, तर 1959 चा भीक मागण्याविरुद्धचा कायदा, ज्यात पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि भटकतोय एवढ्यावर माणूस पकडता येतो, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि परत परत सापडला तर दहापर्यंत. दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट 2018 मध्ये दिल्लीपुरता त्यातला गुन्ह्याचा भाग रद्द केला, आपल्याकडे तो आहेच. तुझ्या बाबांचे दोन डबे कायद्याने कसे जोडलेत ते दिसलं ना आता?

कान तयार ठेव, हे मात्र कुठल्या मेथडॉलॉजीच्या पेपरात येत नाही. एका वॉर्डात एक बाई होती, केस पेपरवर “राहणार मुंबई”, कारण सापडली मुंबईत. जेवायच्या वेळी सारखी “नुस्तें, नुस्तें” करायची, आणि वाढणारी मावशी प्रेमाने तिला वरण न घालता नुसता भात द्यायची. बाई ताट ढकलायची, की लगेच नोंद, “जेवण नाकारते”. किती महिने हे चाललं देव जाणे. मग मूळची सावंतवाडीची एक सिस्टर बदलून आली, ती पहिल्याच दुपारी हसायला लागली. नुस्तें म्हणजे मासे, कोकणीत! बाई गोव्याकडची. त्या एका शब्दावरून पुढे तालुका, मग गाव, मग चुलतभाऊ. तुझ्याकडची कोणी “काऊन” म्हणाली की तुला लगेच कळेल, पण अहिराणी, मालवणी, कोकणी, झाडीपट्टी, सगळ्याचे पाच-दहा शब्द कानावर असू दे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या घरी पोचवतात, 2018 चा मॅगसेसे मिळाला त्यांना. जमलं तर चार दिवस तिथं काढ आणि माणसाच्या बोलण्यातून गाव कसं काढतात ते बघ. पण घरी पोचवणं हे सगळ्यांचं उत्तर नाही, काहींचं घर हेच दुखणं असतं. चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेने, 1993 पासून आहे ती, साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन चार-पाच जणींना एकत्र ठेवायचं काम केलंय, तिकडे न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून सॅम त्सेम्बेरिस यांनी आधी घर द्या, औषधाची-दारूची अट नंतर बघू, असं करून दाखवलं. हे वाचून ठेव, पुढे पीएचडीला उपयोगी पडेल.

करिअर असतं का म्हणतेस. असतं, पण सरळ नसतं. 11-11 महिन्यांचे करार, मधे दोन-चार महिने रिकामे, आणि प्रत्येक वेळी नवीन पीआयला, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखाला, आपण कोण ते सांगायचं. नेट सोडू नकोस, जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी रिसर्च फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000 म्हणजे तीन-चार वर्षं तरी भाड्याची चिंता नाही. वॉर्डाचीच ओढ राहिली तर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं शिक्षण घे, बंगळुरूचं निम्हान्स, रांची, तेजपूर इथल्या मानसिक आरोग्य संस्थांत, कारण 2017 च्या कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची जी व्याख्या आहे त्यात नुसतं एमएसडब्ल्यू पुरत नाही. रोजचं काम नव्वद टक्के कंटाळवाणं असतं हेही आत्ताच सांगून ठेवते. रजिस्टरं चाळणं, तारखा जुळवणं, रकाने भरणं. पण टिस या मुंबईच्या समाजविज्ञान संस्थेच्या कोशिश या गटाने बिहारमधल्या 110 संस्थांचं ऑडिट केलं होतं, 2018 मध्ये रिपोर्ट दिला, असाच रकानेवाला सरकारी रिपोर्ट, त्यात मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहाबद्दल थोडासाच मजकूर होता. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्या मुलींवरच्या अत्याचाराच्या खटल्यात 19 जणांना दोषी ठरवलं. तो मजकूर लिहिणारी पोरं तुझ्यासारखीच कोणीतरी होती, बहुतेक करारावरची.

बाबांशी भांडू नको. पागलखाना चौकाच्या शहरातला माणूस आहे तो, लहानपणापासून “तिकडं टाकीन” ही धमकी ऐकत वाढला असेल, तुझ्यासाठी घाबरणारच. एखाद्या सकाळी त्यांना तुझ्याच नागपूरच्या मेंटल हॉस्पिटलच्या ओपीडीत घेऊन जा, काही समजावू नको, फक्त बाकावर अर्धा तास बसा. केस पेपर हातात धरून बसलेले शेतकरी, टिफिन घेऊन आलेल्या बायका, कॉलेजची पोरं, औषध घेऊन बसने परत जाणारी माणसं दिसतील. स्थळांचं मला विचारू नको, माझं लग्न 34 व्या वर्षी झालं, आणि सासूबाई अजून शेजारणीला सांगतात की सून सर्व्हे करते. कसला ते सांगत नाहीत.

पुण्याच्या कामाला हो म्हण. हॉस्पिटलवाल्यांना नाही म्हणताना नीट मेल लिही, आणि त्यात एक प्रश्न विचार की डिस्चार्ज झालेल्यांचा पुढचा पत्ता त्यांच्या डेटामध्ये आहे का. “आहे” असं उत्तर आलं तर वर्षभराने त्याच माणसांकडे परत अर्ज कर. नाही आलं तर तुझा पीएचडीचा विषय तुला फुकटात मिळाला. दोन्हीकडे कळवायची शेवटची तारीख काय ते तू लिहिलं नाहीयेस, ती आधी बघ, आणि जायच्या आधी आजींकडे जाऊन ये.

– ताई